घोडीच्या तंगाचं माप

तंग म्हणजे खोगीर पाठीवर धरून ठेवणारा पट्टा. घोड्याच्या पोटाखालून जातो आणि दोन्ही बाजूंना बकलात अडकतो. नवरदेव वर बसून फेटा सावरतो, हात हलवतो, ते सगळं ह्या एका पट्ट्याच्या भरवशावर. लोकांना दिसते ती जरीची झूल, डोक्यावरचा तुरा, गळ्यातले गोंडे. तंग झुलीखाली असतो. त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि तो तुटला तरच त्याचं नाव निघतं.

माझ्या आयुष्यात तो एकदा तुटला. मी विशीत होतो आणि कोल्हापुरातल्या एका बँडवाल्याकडे कामाला होतो. बँड त्याचा, घोडा त्याचा, आम्ही अंगावर घालायचो ते लाल कोटही त्याचे. माझं काम घोड्याचा लगाम धरून वरातीत चालायचं. एका वरातीत कोणीतरी फटाक्यांची माळ घोड्याच्या पायाशीच लावली. घोडा उधळला, तंगाची शिवण उसवली आणि नवरदेव खोगिरासकट रस्त्यावर आला. त्याला फार लागलं नाही, पण वरातीचा तमाशा झाला. तो तंग जुना झालाय हे मी मालकांना सांगितलं होतं. "अजून वरीसभर चालतोय की," असं त्यांचं उत्तर होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी सगळ्या वऱ्हाडासमोर माझ्या कानाखाली मारली.

"तंग आवळता येत न्हाय आणि घोडा धरतोयस व्हय रं? काढ कोट!"

मी भर रस्त्यात कोट काढला आणि बनियनवर घरी गेलो. चूक त्यांची, मार मला. हे मी आजही विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही. ह्या माणसाच्या घोड्याचा लगाम परत हातात धरायचा नाही, एवढं मी त्या दिवशी ठरवलं. पुढे जे काही कमावलं त्यामागे ही गोष्ट होती असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

मी रिक्षा चालवली, मग जुन्या रिक्षा घेऊन-विकून चार पैसे उभे केले. ह्या धंद्यात माझा एक नियम होता. विकणारा बोलायला लागला की ऐकायचं नाही. तो इंजिनाचं कौतुक करत असेल तर आपण चाकं बघायची. तो अडचण सांगत असेल तर ती भाव चढवायची वाट आहे असं समजायचं. ह्या नियमानं मला कधी बुडवलं नाही. भांडायला मी कधी मागेपुढे पाहिलं नाही. आवाज चढवला की समोरच्याचा निम्मा भाव तिथेच उतरतो, हा माझा अनुभव.

हात जरा सैल झाल्यावर मी घोडी घ्यायचं ठरवलं. बायको म्हणाली, "आवं, अजून एक रिक्षा घ्या की. ती खात तरी न्हाय काय." पण मला घोडीच घ्यायची होती. मालकांच्या बँडच्या मागे माझी घोडी चालली पाहिजे, तिच्यावर नवरदेव बसला पाहिजे आणि लगाम माझ्या हातात, माझ्या स्वतःच्या घोडीचा, हे चित्र मी कितीतरी वर्षं डोक्यात घेऊन फिरत होतो.

गगनबावड्याकडे एक माणूस धुक्यात फिरायला येणाऱ्या लोकांना घोड्यावरून चक्कर मारून आणायचा. त्याच्याकडे एक घोडा आणि एक घोडी होती. दिवाळी झाल्यावर मी तिकडे गेलो. घोडी पांढरी, अंगानं नीट, डोळ्यांत भीती नाही. आमची सकाळभर घासाघीस चालली. तो पुष्कळ बोलत होता आणि मी माझ्या नियमानं खुरं बघत होतो. शेवटी माझ्या भावात घोडी मिळाली आणि वर खोगीरही मिळालं. फक्त खोगिराचा तंग कुजलेला होता.

नवा तंग करून घ्यायला मी चप्पल लाइनीच्या मागच्या बोळात एका पट्टेवाल्याकडे गेलो. माझ्याच वयाचा माणूस, कुत्र्यांच्या पट्ट्यांपासून बैलांच्या साजापर्यंत सगळं शिवायचा. आवाज माझ्यापेक्षा मोठा. तो टेप घेऊन आमच्या फुलेवाडीच्या घरी माप घ्यायला आला. त्यानं घोडीवर खोगीर ठेवलं, तिला अंगणात थोडं फिरवलं आणि मग सपाट जागेवर उभं केलं.

"फिरवायचं कशापायी?" मी विचारलं.

"पट्टा बघितला की घोडं पोट फुगवतंय. जरा चाललं की वारा सोडतंय. मग खरं माप मिळतंय."

पुढच्या पायाच्या मागे एक पंजा सोडून त्यानं टेप पोटाखालून घेतला आणि पलीकडच्या बकलाशी आणला. मी ते टोक त्याच्या हातातून घेतलं आणि ओढलं. चामड्याचा भाव लांबीवर होता. जेवढा टेप ताणेन तेवढं चामडं वाचणार.

"पावणं, घोडीला श्वास घ्यायचा हाय का न्हाय?"

"श्वास नाकानं घेत्यात. तू माप लिही."

तो हसला आणि त्यानं मी म्हणालो ते माप लिहिलं. दोघंही धंद्यातली माणसं. त्याला शिवायचं होतं, मला वाचवायचं होतं.

लग्नसराई सुरू झाली आणि घोडीनं नाव काढलं. ती नाचायची. ढोलाच्या ठेक्यावर पुढचे पाय उचलायची, मान डोलवायची. तिच्या पायात घालायला हुपरीहून वाळे करून आणले होते, त्यांचा आवाज ताशात मिसळायचा. लोक मोबाइल वर करून तिचे व्हिडिओ काढायचे. मी लगाम धरून पुढे चालायचो आणि मिशीला हात लावायचो. तंग मी स्वतः आवळायचो, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचो नाही. माझ्या खोगिरावरून नवरदेव पडणार नाही. मालकांनी रस्त्यात काय म्हटलं होतं ते प्रत्येक वेळी बक्कल ओढताना माझ्या कानात असायचं, आणि ते असायचं म्हणून मी बक्कल अजून एक भोक पुढे न्यायचो.

घोडी भरायला लागली. मला त्याचा अभिमान वाटला. भिजवलेले हरभरे, हिरवा मका, वेळेवर पाणी, हे सगळं माझं. शेजारी विचारायचे तेव्हा मी म्हणायचो, "घोडी ठेवावी तर अशी." बायको म्हणायची, "तिचं पोट तुमच्यागत सुटाय लागलंय."

होळीच्या सुमाराला तंग सैल करत करत शेवटच्या भोकावर आला. पाडव्यानंतर त्या भोकालाही पोचेना. मी घोडीच्या कुशीला गुडघा लावून पट्टा ओढायला लागलो. ती मान वळवून माझ्याकडे बघायची, कान मागे टाकायची, एकदा तिनं माझ्या दंडाला दात लावले. मी तिला लगामाचा फटका दिला. बायको दारातून म्हणाली, "तिला कायतरी होतंय वो." मी म्हणालो, "आळस होतोय. बसून खायची सवय लागली."

पायाच्या मागे, जिथे तंग बसतो तिथे, आधी केस गेले, मग कातडी लाल झाली, मग ती फाटली. मी हळद आणि तेल लावलं, वरून मऊ फडकं घातलं आणि त्यावरून तंग आवळला. वरून झूल टाकली. झूल गुडघ्यापर्यंत येते. वरातीत कोणाला काही दिसलं नाही.

आता इथे माझ्या डोक्यात काय आलं ते लिहायला मला लाज वाटते, पण तेच आलं. मला वाटलं तंग आटला. चामडं भिजलं आणि उन्हात वाळलं की आखडतं हे मला माहीत होतं. म्हणजे पट्टेवाल्यानं कच्चं चामडं वापरलं. का वापरलं? एकदा मी त्याच्या दुकानावरून जाताना मालकांना तिथे बाकावर चहा पिताना पाहिलं होतं. मला तेवढं पुरलं. मालकांनीच त्याला सांगितलं असणार. माझ्या घोडीवरून नवरदेव पडावा, माझा परत एकदा रस्त्यावर तमाशा व्हावा, हा त्यांचा डाव. एवढं सगळं मी एका चहाच्या कपावरून जुळवलं.

त्यातच राजारामपुरीतलं एक लग्न ठरलं होतं. क्लास चालवणाऱ्या एका सरांच्या मुलाचं. सरांनी माझ्या घोडीचा व्हिडिओ पाहून मला बोलावलं होतं, आणि त्या वरातीला बँड मालकांचा होता. इतक्या वर्षांनी ते चित्र खरं होणार होतं. आणि तंग पोचत नव्हता.

मी तंग घेऊन बोळात गेलो आणि पट्टेवाल्याच्या पुढ्यात फेकला. दुकानात गिऱ्हाइकं होती. ती असावीत म्हणूनच मी त्या वेळी गेलो होतो.

"किती दिलं मालकांनी?"

"कशाचं?" त्यानं शिवण्याची आरी खाली ठेवली.

"कच्चं चामडं घालायचं. आटलाय तुझा तंग. हातभर आटलाय!"

"माझं चामडं आटत न्हाय. तेल पाजून वापरतोय मी. बघ की, लांबी मोज!"

"मोजायचं काय त्यात? घोडीला पोचंना!"

"मग घोडी वाढली असंल. माप कुणी घेतलं हुतं? टेप कुणी ताणला? तुझं पोट असतं आणि तुझा पट्टा असता तर असा ताणला असतास काय रं?"

गिऱ्हाइकं हसली. त्यानं माझं डोकं गेलं. मी त्याला चोर म्हणालो, मालकांचा पाळलेला म्हणालो, आणि अजून एकदोन गोष्टी म्हणालो ज्या त्याच्या घरापर्यंत गेल्या. तोही उभा राहिला. आजूबाजूच्या दुकानांतली माणसं बाहेर आली. शेवटी त्यानं तंग उचलला, झटकला आणि म्हणाला, "उद्या सकाळी तुझ्या दारात येतो. चारचौघांत मोजू. चामडं आटलं असंल तर दुकानावरची पाटी काढतो. न्हाय आटलं तर इथं येऊन सगळ्यांच्या पुढ्यात माफी मागायची."

"मागतो!"

सकाळी तो आला. मी गल्लीत सांगून ठेवलं होतं, त्यामुळे माणसं जमली होती. दूध घालून परत आलेले, कामावर निघालेले, दारात भांडी घासणाऱ्या बायका. पट्टेवाल्यानं आधी तंग ओट्यावर सरळ टाकला आणि जुनं माप वाचून दाखवलं. टेप लावला. तंग तेवढाच होता, एक बोटही कमी नाही. त्यानं वर बघितलं. मी म्हणालो, "घोडीवर मोज." मला दुसरं काही सुचलं नाही.

घोडी बाहेर आणली. खोगीर ठेवलं. त्यानं तिला फिरवलं, उभं केलं आणि डाव्या बाजूनं टेप सोडला. मी उजव्या बाजूला वाकून ते टोक पकडलं. ह्या वेळी त्यानं मला ओढू दिलं नाही, पोटाखाली स्वतःचा हात सपाट ठेवला आणि म्हणाला, "तूबी हात ठेव. ताण कुठं पडतोय ते कळंल." मी तळहात लावला. घोडीनं श्वास सोडला. आम्ही दोघं वाकलेले, मध्ये तिचं पोट.

माझ्या तळहाताला आतून धक्का बसला.

मला वाटलं तिनं कातडी हलवली, माशी बसल्यावर हलवतात तशी. मग परत बसला, जोरात, आतून कोणीतरी ढुशी दिल्यासारखा. मी पोटाखालून पलीकडे बघितलं. पट्टेवाला माझ्याकडेच बघत होता. त्याचा हातही तिथेच होता.

"वैनी," त्यानं माझ्या बायकोला हाक मारली, "जरा हिकडं या. हात लावा हितं."

बायकोनं हात लावला आणि तोंडावर पदर घेतला. "आगं बया! गाभण हाय की ही!"

गल्लीत एकदम हशा झाला. पट्टेवाला कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "ऐका हो! तंग आटला न्हाय. घोड्या दोन झाल्या!" कोणीतरी ओरडलं, "पेढे आणा, आजोबा झाला तुम्ही!" म्हाताऱ्या बायका पुढे येऊन घोडीच्या कपाळाला हात लावायला लागल्या. ज्या माणसाला चोर ठरवायला मी ही सगळी माणसं जमवली होती, त्याच्याबरोबर ती हसत होती, आणि मी टेपचं टोक धरून उभा होतो.

हसण्यासारखीच गोष्ट होती. पण टेप उचलताना पट्टेवाल्याला ते फडकं दिसलं. त्यानं ते बोटानं बाजूला केलं. खालची कातडी बघितली. मग तो फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्येच्यावरनं आवळत हुतास?"

मी फडकं परत जागेवर सरकवलं.

माणसं गेल्यावर तो ओट्यावर बसला, बायकोनं चहा दिला. मी त्याला राजारामपुरीच्या लग्नाचं सांगितलं. तोही धंद्याचाच माणूस. थोडा विचार करून म्हणाला, "मधी एक जोड घालून देतो. आतून लोकरीचा नमदा लावतो, मऊ. एका वरातीचा प्रश्न हाय. नाचवू नगंस, नुसती चालव." आणि मी लगेच म्हणालो, "दे करून." जखम पाहून झाली होती, पोटातला धक्का हाताला लागून तासही झाला नव्हता, तरी मी म्हणालो. मालकांच्या बँडच्या मागे माझी घोडी चालायची होती. मला अजून तेच दिसत होतं.

बायको चहाचे कप उचलत होती. ती म्हणाली, "त्या गगनबावड्याच्या माणसाला फोन लावा. कितवा चालू हाय ते तरी कळू द्या."

मी फोन लावला आणि तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. त्याला आधी ओळख पटेना, मग पटली.

"हां, हां, पांढरी! काय म्हणतीया?"

"गाभण निघाली."

"मग? सांगितलं हुतं की तुमाला, पावणं."

"मला? कधी?"

"घेताना. म्हणालो न्हाय का, घोड्याबरुबर लागलीया, फळली असंल, म्हणून थोडं वाढवून द्या? तुमी म्हणाला, हे असलं सांगून रेट वाढवू नका. मग म्या गप बसलो."

तो हसत होता. मला आठवलं. तो बोलत होता आणि मी खाली वाकून तिचं खूर बघत होतो, आणि न बघताच त्याला ते वाक्य म्हणालो होतो. मला त्या वेळी बरंही वाटलं होतं. पकडला, असं वाटलं होतं.

"आठवा-नववा धरा," तो म्हणाला. "आता नाचवत न्हाय न्हवं तिला? ह्या दिसांत उड्या मारल्या तर टाकंल ती. शिंगरू जाईल."

"न्हाय न्हाय," मी म्हणालो. "बसूनच हाय ती."

फोन ठेवला. बायको कप हातात घेऊन तशीच उभी होती. आदल्या आठवड्यातच घोडी एका वरातीत चौकाचौकात नाचली होती आणि बायकोनंच तिला परत आल्यावर पाणी दाखवलं होतं. ती मला काही बोलली असती तर मी भांडलो असतो. भांडणात मला मार्ग सापडतो. ती आत गेली आणि नळाखाली कप विसळत बसली. पट्टेवाला टेपची गुंडाळी करत म्हणाला, "मग जोड नगं न्हवं?" मी "नगं" म्हणालो.

शिंगरू जगलं, हे इथेच सांगून टाकतो. श्रावणात झालं. लांब पायांचं, कपाळावर ठिपका. ते माझ्यामुळे जगलं असं मी कोणाला म्हणू देत नाही. जखमही भरली, तिथे आता काळपट कातडी आहे आणि तिच्यावर केस येत नाहीत. माफी मागायला मी बोळात गेलो होतो. दुकानात तेव्हा कोणी नव्हतं. गिऱ्हाइकं असताना जायचं ठरलं होतं, ते माझ्याकडून झालं नाही. पट्टेवाला म्हणाला, "जाऊ दे की," आणि मी तेवढ्या शब्दांवर सुटलो.

पण त्याच्याआधी ती वरात होती.

सरांना घोडी पाहिजे होती. लग्न दारात आलेलं, तिथीला सगळीकडे लग्नं, गावात एकही घोडं मोकळं नव्हतं. मी सांगलीपर्यंत फोन केले. शेवटी एकाच ठिकाणी घोडा असल्याचं कळलं. बँड ज्यांचा, त्यांच्याकडे. त्यांचा घोडा त्या दिवशी मोकळा होता, कारण त्या लग्नातली त्याची जागा माझ्या घोडीनं घेतली होती.

मी त्यांच्या दारात गेलो. मालक थकले आहेत आता, कॉटवर बसून असतात. समोर बाजेवर ढोल उन्हात ठेवलेले. त्यांनी मला ओळखलं, पण ओळखायला वेळ लावला.

"कोण म्हणायचं?"

मी सांगितलं.

"आरं! तू व्हय? घोडीवाला झालास म्हणं. बस की. काय काम काढलंस?"

"सरांच्या वरातीला घोडा पायजे होता."

"तुझी हाय की. नाचती म्हणं झकास. पोरं व्हिडिओ दाखवत हुती."

"ती गाभण हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी घोड्याचं भाडं सांगितलं. जास्त होतं. मी आयुष्यात कोणाचा पहिला भाव मान्य केलेला नाही, भाजीवाल्याचासुद्धा नाही. मी "बरं" म्हणालो.

"पर एक हाय," ते म्हणाले. "घोडा धरणारं पोरगं गावाला गेलंय. घोडा दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाय. तुला सवय हाय. तूच धर." आणि आत बघून ओरडले, "ए, त्यो मोठा कोट काढा गं एक!"

मी नाही म्हणू शकलो असतो. दुसरा कोणी बघा म्हणू शकलो असतो. मी कोट घेतला.

वरातीच्या संध्याकाळी राजारामपुरीत मंडपाच्या मागे मी त्यांच्या घोड्यावर खोगीर ठेवलं. कोट मला पोटावर बसत नव्हता, खालची बटणं उघडीच ठेवली. तंग चांगला होता, जाड, नवीन. मी बक्कल हातात घेतलं आणि माझा हात चालेना. मी एक भोक ओढलं आणि थांबलो. पट्ट्याखाली बोटं घातली, परत काढली, परत घातली. घोडा शांत उभा होता, त्याला काहीही होत नव्हतं. मला मात्र प्रत्येक ओढीला खाली काहीतरी फाटेल असं वाटत होतं. मालकांना खुर्ची टाकून दिली होती. ते लांबून बघत होते. शेवटी तेच काठी टेकत आले, माझा हात बाजूला केला आणि स्वतः बक्कल नीट लावलं.

"अजून येत न्हाय व्हय रं?" ते म्हणाले.

इतक्या वर्षांचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. त्या जुन्या तंगाचं, उसवलेल्या शिवणीचं, कानाखालच्या आवाजाचं. मी ते शेकडो वेळा मनात बोललेलो होतो, चांगलं धार लावून. त्या वेळी ते तोंडात आलं आणि त्याच्याबरोबर दुसरं काय काय आलं. घोडीनं मान वळवून बघितलं होतं ते आलं. मी लगाम धरला आणि घोडा पुढे काढला. राग मात्र गेला नाही. त्या माणसाचा राग आजही आहे, आणि ज्या दिवशी मला तो करायचा काही अधिकार राहिला नाही त्याच दिवशी तो दुप्पट झाला, ह्याचीही मला लाज वाटते.

वरात निघाली. पुढे बँड, मग नाचणारी पोरं, मग मी. क्लासच्या पाट्यांखालून, दवाखान्यांसमोरून आम्ही सावकाश चाललो होतो. चौकातल्या रिक्षा स्टँडवरचे सगळे माझ्या ओळखीचे. त्यांतल्या निम्म्यांना मी रिक्षा विकलेल्या आणि सगळ्यांना घोडीचे व्हिडिओ पाठवलेले. एक जण रिक्षातून उतरून पुढे आला आणि माझ्या लाल कोटाकडे, मग घोड्याकडे बघायला लागला.

"काय मालक? घोडी कुठाय? ह्यो तर त्येंचा घोडा." तो जवळ येऊन हसला. "परत कामाला लागलासा व्हय?"

घोडी गाभण आहे म्हणून तिला विश्रांती दिली, एवढं म्हणायचं होतं. खरंच होतं ते. तो लगेच म्हणाला असता, वा, जनावराची काळजी घेणारा माणूस. स्टँडवर सगळ्यांना सांगितलं असतं. मला असलं उत्तर कधी सुचायचं राहत नाही, ते सुचलंही होतं.

"व्हय," मी म्हणालो. "लागलो परत."

तो जरा गोंधळला आणि बाजूला झाला. बँड पुढच्या गल्लीत वळला. वर नवरदेव फेटा सावरत होता. मी लगाम थोडा आखूड धरला आणि घोड्याला वळणावर घेतलं.